वाचकांचे प्रश्न: चित्रपुस्तकं आणि लिहू-वाचू लागलेलं मूल

तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या वाचनाविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. मुंबईहून आलेल्या पत्रांत एक काळजी सगळीकडे दिसली: मूल चित्रांतच रमतं, अक्षरांकडे कधी वळणार? काही निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. पुस्तक घेतलं की भराभर पानं उलटते, एखाद्या चित्रावर थांबते. मी ओळी वाचायला लागले की पानावर हात ठेवते नाहीतर उठून जाते. नुसती चित्रं बघून वाचन कसं येणार?
– एक आई, कांदिवली

चित्रं बघणं हे या वयाचं वाचनच आहे. मागच्या पानावरचा कुत्रा या पानावर लहान दिसतोय, पाठमोरा आहे, तरी तो तोच, हे तिला कळतं. कोण चिडलंय, आधी काय झालं असेल, आता काय होणार, हे ती ताडते. पुढे अक्षरं वाचतानाही हेच करायचं असतं. ज्या मुलांची ही तयारी झालेली नसते ती दुसरीत खडाखडा वाचतात, पण काय वाचलं विचारलं की गप्प बसतात.

म्हणून पहिल्या बैठकीत ओळी वाचूच नका. पुस्तक तिच्या हातात, पानं ती उलटणार. तुम्ही प्रत्येक जोडपानावर फार तर एक वाक्य बोला आणि थांबा. मनात सावकाश पाच अंक मोजा. मोठ्यांना ही शांतता सोसत नाही. मूल शब्द जुळवत असतानाच दुसरा प्रश्न येतो आणि जुळत आलेलं वाक्य विरून जातं. दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकातल्या ओळी वाचा, ओळीखालून बोट फिरवत. तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडा. हात ठेवणं तोवर बहुतेक थांबलेलं असतं, कारण चित्र पुरतं बघून झालेलं असतं.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच काही ठरतं. समजा, चित्रात पाऊस पडतोय, बसथांब्यावर रांग आहे आणि कोपऱ्यातल्या मुलाच्या एकाच पायात चप्पल आहे. ‘हे काय आहे? छत्री कुठल्या रंगाची?’ ही तोंडी परीक्षा झाली, उत्तर एका शब्दाचं. ‘याची दुसरी चप्पल कुठे गेली असेल गं?’ असं विचारलंत तर ती म्हणेल, ‘वाहून गेली.’ आता तिचंच वाक्य उचलून थोडं वाढवून परत द्या: ‘हो, पाण्यात वाहून गेली. आता हा लंगडत घरी जाणार.’ दोन-चार शब्दांची ही भर हेच खरं काम. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच वाचायला शिकवलं होतं. महिनाभरानंतर ती मुलं बोलण्यात बरोबरीच्या मुलांच्या पुढे गेलेली दिसली. वाचन दुसऱ्या गटातही होत होतं. फरक होता तो मुलाला बोलू देण्याचा.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. उठून गेली तर जाऊ द्या, पुस्तक मात्र तिच्या हाताला लागेल असं खालच्या फळीवर ठेवा. तिला तेच पुस्तक वीस वेळा हवं असेल तर वीस वेळा वाचा. मग एक दिवस ती अख्खं पुस्तक पाठ म्हणून ‘वाचून’ दाखवेल. ‘हे काही वाचन नव्हे’ असं तेव्हा म्हणू नका. ती म्हणत असताना शब्दांखालून तिचं बोट फिरू द्या. बोलणं संपतं पण छापलेला एक शब्द उरतो, असं कधीतरी होईल आणि ती चमकून थांबेल. अक्षरांची ओढ तिथून सुरू होते. आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका, कधीच नाही.

नातू इंग्रजी शाळेत सीनियर केजीला आहे. घरी आम्ही मालवणी बोलतो. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. मराठी वाचून दाखवावं की इंग्रजी पक्कं होईपर्यंत थांबावं?
– एक आजोबा, गिरगाव

आजोबा, थांबू नका. गोष्टीत आधी काय, नंतर काय, कोण का रुसलं, ही समज एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत आयती कामाला येते. आणि ती सगळ्यात लवकर येते मूल ज्या भाषेत भांडतं, हट्ट करतं त्या भाषेत. छापलेली ओळ जशीच्या तशी वाचा, लगेच तीच गोष्ट मालवणीत सांगा, आणि तो मालवणीत बोलला तर ते उत्तर पूर्ण समजा. ‘असं नाही, असं म्हण’ ही दुरुस्ती या वयात बोलणंच बंद करते. पुस्तकी मराठी कानावरून जात राहिली की दोन-तीन महिन्यांत तिचे तुकडे त्याच्या बोलण्यात आपोआप येऊ लागतात.

दोन लिप्यांनी गोंधळ होईल ही भीती जरा जास्तच बाळगली जाते. आपल्याकडे अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार, त्यामुळे सुरुवात मराठीत उलट सोपी जाते. मात्र बाराखडी आणि जोडाक्षरं धरून प्रवास लांबचा आहे. खरा गोंधळ आकड्यांत होतो. मराठी १ आणि इंग्रजी नऊ सारखे दिसतात. बेस्टच्या बसचा मराठीतला आकडा येता-जाता त्याला वाचायला लावा, हा घोळ लवकर सुटतो.

माझ्या बालवाडीत २८ मुलं आहेत. घरी कुणी हिंदी बोलतं, कुणी उर्दू, कुणी मराठी. पुस्तकं मोजकी, प्रत्येकाची एकच प्रत. सगळ्यांना दाखवायला गेलं की मागची मुलं उभी राहतात आणि गोंधळ होतो.
– एक बालवाडी ताई, मानखुर्द

ताई, गोंधळ होतो कारण मागच्यांना दिसत नाही. वहीएवढ्या पुस्तकातला बारीक तपशील दीड मीटरपलीकडे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. सगळ्यांना एकदम वाचून दाखवणं सोडा. नऊ-दहांचे तीन गट करा. एक गट तुमच्यापुढे अर्धवर्तुळात, बाकीचे मदतनीस ताईंकडे माती, मणी किंवा पाटी घेऊन. असं केलं तर एका पुस्तकाला रोज बारा मिनिटांच्या तीन फेऱ्या लागतात.

तुम्हीही खालीच बसा. पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि अंगाच्या एका बाजूला धरा, हात पानाच्या खालच्या कडेला मधोमध, म्हणजे चित्र झाकत नाही. खिडकी तुमच्या पाठीशी आली तर पान काळं दिसतं; ती मुलांच्या पाठीशी किंवा बाजूला हवी. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा पुस्तक किंचित पुढे झुकवा. ओळ वाचून झाली की पुस्तक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ही फेरी घाईत उरकली तर कडेची मुलं उठणारच.

आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी मोठं पुस्तक हवं, आणि ते तुम्हीच करू शकता. साधारण ५६ बाय ७१ सेंमीचे पूर्ण चार्टपेपर आठ घ्या. मुलांच्या ओळखीची, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट निवडा. एका कागदावर एकच वाक्य, पाच-सहा शब्दांचं. अक्षरं चार-पाच सेंमी उंच, दोन शब्दांत दोन बोटं जागा. काळा जाड मार्कर पातळ चार्टवर मागे उमटतो, म्हणून एकाच बाजूला लिहा. चित्रं मुलांना वेगळ्या कागदावर काढू द्या आणि कापून चिकटवा; आपलं चित्र कुठल्या पानावर आहे हे मूल विसरत नाही. वरच्या कडेला पट्टी लावून खिळ्याला टांगा.

भाषांचं म्हणाल, तर मूल हिंदीत किंवा उर्दूत बोललं तर बोलू द्या. त्याचं म्हणणं तुम्ही मराठीत पुन्हा म्हणा, झालं. पुढे यातली काही मुलं हिंदी किंवा उर्दू माध्यमात जातील, तेव्हा त्यांच्या घरच्या भाषेतली गोष्टही वर्गात असायला हवी. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावर गोष्टी अनेक भारतीय भाषांत फुकट मिळतात. खुल्या परवान्यामुळे त्या छापता येतात आणि मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन भाषांतरही करता येतं.

पुस्तकातली वस्तू जमलं तर हातात द्या. गोष्टीत चिंच असेल तर चिंचोके, शेंग असेल तर शेंग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्या परिसरातल्या अशाच वस्तूंवर चालवल्या. खाडीकाठच्या वस्तीत शिंपले तर मिळतीलच.

मुलगा साडेपाच वर्षांचा. मुळाक्षरं सगळी येतात, पण शब्द वाचता येत नाही. लिहायला सांगितलं की टाळतो. परवा चित्राखाली स्वतःहून ‘मझ घर’ लिहिलं. हे चुकीचं पक्कं होईल का?
– एक वडील, मुलुंड

‘मझ घर’ ही फार चांगली बातमी आहे. त्याने स्वतः शब्दातले आवाज वेगळे काढले आणि प्रत्येकासाठी अक्षर शोधलं. देवनागरी शिकणारी पुष्कळ मुलं आधी व्यंजनं लिहितात. काना, मात्रा, अनुस्वार मागून येतात. चुकीचं पक्कं होतं ते लाल पेन फिरल्यामुळे लिहिणं बंद पडलं तर. त्याच्या ओळीला हात लावू नका. तिच्याखाली तुमच्या अक्षरात ‘माझं घर’ लिहा, बोट फिरवत वाचा, आणि ‘मझ’ आणि ‘माझं’ शेजारी बघून त्याला काही वेगळं दिसतं का एवढंच विचारा. एका वेळी एकच गोष्ट. आधी काही आठवडे फक्त काना, बाकी सगळ्याकडे काणाडोळा.

शब्द का वाचता येत नाही, याला दोन कारणं असतात. मुळाक्षरांच्या तक्त्यावर ‘घ घराचा’ म्हणताना तो घराचं चित्र ओळखतो, अक्षराकडे नजर जातेच असं नाही. दुसरं म्हणजे ‘घर’ आपण ‘घर्’ असं म्हणतो, शेवटचा अ गळतो. तो मात्र शिकवल्याप्रमाणे ‘घ… र…’ असे दोन पुरे आवाज काढतो आणि त्यातून त्याला घर ऐकूच येत नाही. तेव्हा सुटं वाचलं की लगेच एका श्वासात जोडून म्हणा, आणि ज्याचं चित्र समोर आहे असेच शब्द घ्या. चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधणं ही लबाडी नाही. अंदाज अक्षरांशी ताडून पाहायला तेवढं शिकवा.

पहिली वेलांटी सगळ्यात जास्त घोळ घालते. ‘वि’ म्हणताना कानाला आधी ‘व’ ऐकू येतो, कागदावर आधी वेलांटी दिसते. म्हणून मुलं ती अक्षराच्या उजवीकडे लिहितात. ‘वि’ तोडून शिकवू नका, एकच आवाज म्हणून दाखवा. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर काढायची; पण म-भ आणि घ-ध यांतला फरक रेघेच्या तुटण्यात आहे, तिथे हळू जायला सांगा.

लिहायचं टाळतो, याचा अर्थ गमभन गिरवणं नको आहे. त्याला लिहायला कारण द्या: त्याचं स्वतःचं चित्रपुस्तक. मुलुंडच्या मुलाला लोकलची स्टेशनं पाठ असतात आणि पाट्या दर वेळी दिसतात, मोठ्या ठळक अक्षरांत. त्यात सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम आयता आहे. परळ, काना-मात्रा काहीच नाही. दादर, एक काना. माटुंग्यात उकार आणि अनुस्वार, कुर्ल्यात रफार, विक्रोळीत वेलांटी आणि जोडाक्षरही. एका पानावर एक स्टेशन, तिथे दिसणाऱ्या एका गोष्टीचं चित्र आणि खाली नाव.

कृती अशी. ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, आठ पृष्ठं झाली. पहिल्या पुस्तकाला एवढीच हवीत. सोळा केली तर निम्मी कोरी राहतात. बाहेरून कार्डशीटचं वेष्टण घाला. कार्डशीट आधी दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा, ज्या दिशेने सहज वाकतं त्याच दिशेने दुमडा, नाहीतर घडीवर तडा जातो. घडी २१ सेंमीची होते. तिच्यावर मध्यभागी एक आणि वरून-खालून चार-चार सेंमीवर एकेक अशी तीन भोकं दाभणाने पाडा. हे काम मोठ्यांचं. जाड दोरा ५० सेंमी. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, दहा सेंमी दोरा आत राहू द्या. वरच्या भोकातून आत, मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्या भोकातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोऱ्याचं एकेक टोक येईल असं बघा आणि त्या टाक्यावरून गाठ मारा, म्हणजे टाका सैल पडत नाही. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही आणि पिनेची टोकं बोटाला लागतात.

आता क्रम पाळा: आधी चित्र, मग त्याने बोलायचं, मग लिहायचं. तो म्हणाला, ‘दादरला खूप ढकलतात,’ तर तेच वाक्य तुम्ही त्याच्या शब्दांत, त्याच्या डोळ्यांदेखत लिहा. ‘दादर’ त्याला लिहू द्या. वाक्य सुधारून ‘दादर येथे गर्दी असते’ केलंत की ते त्याचं राहत नाही आणि तो ते वाचणार नाही. मुखपृष्ठावर त्याचं नाव लेखक म्हणून हवंच. कागद बिनरेघी, पेन्सिल जाड, तिकोनी असेल तर उत्तम. बारीक टोक दाबून मोडलं की हात आणि मन दोन्ही आखडतात.

आणि घाई कशाची? पहिलीचं वयच सहा वर्षांचं आहे, आणि २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेही समजून वाचण्यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरला आहे.

चांगलं मराठी चित्रपुस्तक दुकानात कसं ओळखायचं? एवढ्या रंगीत पुस्तकांत काही कळत नाही.
– एक मावशी, लालबाग

मुखपृष्ठ बघून घेऊ नका, मधलं जोडपान उघडा. चेहरा किंवा शब्द शिवणीत गेलेत का, गडद चित्रावर काळी अक्षरं छापलीत का ते पाहा. मग मजकूर झाका. चित्रांवरून निम्मी गोष्ट कळायला हवी, आणि मजकुरात नसलेलं काहीतरी चित्रात असायला हवं. एक पान हळू आवाजात वाचा. जीभ अडखळली तर भाषांतर कच्चं आहे. चार वर्षांपर्यंत पानाला एक-दोन ओळी पुरेत. ल आणि श कसे छापलेत तेही बघा. राज्य शासनाने २००९ साली पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, तरी हिंदी वळणाची अक्षरं असलेली पुस्तकं बाजारात पुष्कळ आहेत आणि नवशिक्या मुलाला तो ल ओळखू येत नाही.

लालबागहून दादर जवळ आहे, तिथल्या मराठी पुस्तकांच्या दुकानांत ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पुस्तकं मागून बघा. ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. माटुंग्याच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी चित्रपुस्तकं मिळाली तर तीही घ्या, मराठीत गोष्ट सांगायला चित्रं पुरतात.

आमचं घर तळमजल्यावर आहे. पावसाळ्यात पुस्तकांना वास येतो, काही भिजलीही. फेकून द्यावी का?
– एक वाचक, कुर्ला

घरात गळलेल्या स्वच्छ पाण्यात भिजलेली वाचवता येतात. पुराच्या गढूळ पाण्यातली मात्र लहान मुलांच्या हातात देऊ नका. चकचकीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच सोडवावी लागतात, कारण त्यावरचा लेप सुकताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. आधी पाणी निथळू द्या, मग दर दोन-चार पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उमटते. पंख्याखाली उभं करून अर्धवट उघडं ठेवा. उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो आणि रंग उडतो. सुकलं की वजनाखाली दोन दिवस दाबा. नुसता वास येत असेल तर पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, फार दाटीने लावू नका, आणि उघडीप मिळाली की पानं पंख्याखाली मोकळी करा. डांबरगोळ्या मुलांच्या फळीवर अजिबात नकोत, लहान मूल त्या तोंडात घालतं. वाळवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि ओलसर झाला की बदला.